उसापासून साखरेच्या दाण्यापर्यंत : पदार्थांच्या संगणकीय प्रतिरूपाची रीत आणि कसोटी

प्रवरा नदीच्या खोऱ्यात लोणी येथे सहकारी साखर कारखान्याचे पहिले गाळप १९५० सालच्या अखेरीस सुरू झाले. शेतकऱ्यांच्या भागभांडवलावर उभा राहिलेला आशिया खंडातील पहिला सहकारी साखर कारखाना म्हणून तो ओळखला जातो. विठ्ठलराव विखे पाटील यांचे कर्तृत्व आणि धनंजयराव गाडगीळ यांचे अर्थशास्त्रीय मार्गदर्शन यांचा जो संयोग तेथे घडून आला, त्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पूर्ण झाले, प्रवरेचे कालवे वाहू लागले आणि अहमदनगर जिल्ह्याच्या उत्तर भागात ऊस हे प्रमुख नगदी पीक झाले, हाही इतिहास सर्वांस परिचित आहे. २०२४ साली या जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर असे झाले. परंतु गळीत हंगाम, गव्हाण आणि उतारा हे त्याच्या बोलण्यातील शब्द पूर्वीचेच राहिले आहेत.

प्रस्तुत लेखात त्या गव्हाणीत पडणाऱ्या मोळीकडे पदार्थविज्ञानाच्या दृष्टीने पाहावयाचे आहे. ऊस हा एक जैविक पदार्थ होय. साखर हा औद्योगिक पदार्थ होय. आणि या दोहोंमधील सर्व स्थित्यंतरे एकाच छपराखाली, थोड्या तासांत घडून येतात. पदार्थांच्या वर्तनाचे संगणकाच्या साहाय्याने प्रतिरूप कसे तयार करतात, त्याच्या योगाने काय समजते व काय समजत नाही, हे विद्यार्थ्यांस दाखविण्यासाठी याहून जवळचे उदाहरण आपल्या भागात मिळणे कठीण आहे.

१. प्रतिरूप आणि सदृशीकरण

गुऱ्हाळातील गुळव्या उकळत्या पाकाचा एक थेंब थंड पाण्यात सोडतो आणि बोटांनी त्याची गोळी वळते की नाही ते पाहतो. गोळी वळली की काहील उतरवितात. या कृतीचा नीट विचार केला असता असे दिसते की, सबंध काहिलीत काय होणार हे त्याने एका थेंबावरून ओळखले आहे. थेंबाला काहिलीचे सर्व गुण नाहीत. त्यात वाफ नाही, फेस नाही, तळाशी करपणेही नाही. तरीही ज्या एका प्रश्नाचे उत्तर त्यास हवे असते, त्यापुरता तो थेंब काहिलीची जागा घेतो. प्रतिरूपाची कल्पना मुळात एवढीच आहे. वस्तूमधील ज्या गोष्टींचा प्रश्नाशी संबंध आहे तेवढ्या ठेवावयाच्या आणि बाकीच्या सोडून द्यावयाच्या.

शास्त्रज्ञ थेंबाऐवजी समीकरणे घेतो. ती मांडली की प्रतिरूप तयार झाले. ती समीकरणे क्षणाक्षणाने पुढे सोडवीत जाऊन पदार्थाची अवस्था कशी बदलते हे पाहणे, यास आपण सदृशीकरण म्हणू. इंग्रजीतील सिम्युलेशन हा शब्द आता मराठीतही रूढ झाला आहे. ही समीकरणे हाताने सोडविता येण्याजोगी क्वचितच असतात. म्हणून या शास्त्राची प्रगती संगणकाच्या प्रगतीबरोबरच झाली आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली टिफ्रॅक हा संगणक कार्यान्वित झाला. पुण्याच्या सी-डॅक या संस्थेने १९९१ साली परम ८००० हा महासंगणक सिद्ध केला. त्या काळी ज्या गणितासाठी खास दालन लागत असे, तसले गणित आज महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतील साध्या संगणकावर होऊ शकते. म्हणजे आता अडचण यंत्राची राहिलेली नाही. काय ठेवावे आणि काय सोडावे याचा विवेक, आणि प्रतिरूपात घालावयाचे खरे मोजलेले आकडे, या दोन गोष्टी दुर्मिळ आहेत. पुढील विवेचनाचा रोख याच दोन गोष्टींकडे आहे.

२. रेणूंच्या पातळीवर

सर्वांत मूलभूत वाटणारी रीत अशी की, प्रत्येक अणू स्वतंत्र मानावा, त्यावर शेजारच्या अणूंमुळे पडणारे बल काढावे आणि न्यूटनच्या नियमाने त्याचे पुढील स्थान ठरवावे. हैदराबाद येथे जन्मलेले अनीसूर रहमान यांनी १९६४ साली अमेरिकेतील आर्गॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेत द्रवरूप अरगॉनच्या ८६४ अणूंवर हा प्रयोग केला. द्रवातील अणूंची मांडणी व त्यांचे विसरण ही दोन्ही त्या गणितातून प्रत्यक्ष मोजमापाशी जुळणारी निघाली. १९७१ साली रहमान व स्टिलिंजर यांनी याच रीतीने पाण्याच्या २१६ रेणूंचे सदृशीकरण केले. आज ज्यास रेणवीय गतिकी म्हणतात त्या शाखेची उभारणी बऱ्याच अंशी या कामावर झाली आहे.

साखरेच्या, म्हणजे सुक्रोजच्या, एका रेणूत ४५ अणू असतात. त्यांपैकी आठ ठिकाणी हायड्रॉक्सिल गट आहेत. या गटांच्या द्वारे रेणू एकमेकांशी आणि पाण्याशी हायड्रोजन बंधांनी जोडले जातात. स्फटिकाच्या एकक कोशिकेत असे दोन रेणू बसतात. कोशिकेचे आकारमान क्ष-किरणांच्या साहाय्याने ठाऊक झालेले आहे. त्यावरून काढलेली घनता दर घन सेंटिमीटरास सुमारे १.५९ ग्रॅम इतकी येते आणि ती प्रत्यक्ष घनतेशी उत्तम जुळते.

आता विद्यार्थ्याने एक हिशेब स्वतः करून पाहावा. एक मिलिमीटर बाजूच्या साखरेच्या दाण्याचे वजन सुमारे १.६ मिलिग्रॅम भरते. त्यातील अणूंची संख्या १ वर २० शून्ये मांडून जी संख्या येते तीपेक्षाही काहीशी अधिक आहे. संगणकावर काही लक्ष अणू सहज घेता येतात, मोठ्या महासंगणकावर काही कोटीही घेता येतात. परंतु दाणा कोठे आणि आपण कोठे! काळाची अडचण याहून मोठी आहे. हायड्रोजनच्या जलद कंपनांमुळे गणितातील प्रत्येक पाऊल एका सेकंदाच्या एक-दोन पद्मांशाएवढेच, म्हणजे १ भागिले १ वर १५ शून्ये इतक्या सेकंदांच्या मापाचे, घ्यावे लागते. कारखान्यात दाणा तयार होण्यास तीन तास लागतात असे धरले, तर त्यासाठी ५ वर १८ शून्ये इतकी पावले होतात. संगणक सेकंदाला हजार पावले टाकतो असे मानले तरी हे गणित पुरे होण्यास सुमारे १७ कोटी वर्षे लागतील.

मग या रीतीचा उपयोग कोणता ? तिचा उपयोग सबंध दाणा घडविण्यासाठी नसून दाण्याच्या पृष्ठावर काय घडते ते पाहण्यासाठी आहे. द्रावणातील सुक्रोजच्या रेणूभोवती पाण्याचे आवरण असते. रेणू स्फटिकाच्या पृष्ठावर बसण्यापूर्वी त्याने हे आवरण टाकले पाहिजे, आणि योग्य दिशेने वळले पाहिजे. कोणत्या पृष्ठावर हे सुलभ आणि कोणत्या पृष्ठावर कठीण, याचा अंदाज रेणवीय गतिकीने येतो. परका रेणू मध्ये आला असता काय होते तेही पाहता येते. युरोपात साखर बीटपासून काढतात. बीटच्या रसात रॅफिनोज नावाची शर्करा असते. तिच्या रेणूचा एक भाग हुबेहूब सुक्रोजसारखा असल्यामुळे तो स्फटिकात नेमका बसतो. उरलेला भाग मात्र बाहेर डोकावत राहतो आणि पुढच्या रेणूची वाट अडवितो. परिणामी त्या बाजूची वाढ मंदावते आणि दाणा लांबट होतो. कुलुपात किल्ली शिरावी पण फिरू नये, तसा हा प्रकार आहे. आपल्या उसात हे काम मुख्यतः वेगळाच पदार्थ करतो. त्याचा विचार पुढे येईल.

३. पॅनमधील दाणा

कारखान्यात घट्ट केलेला रस निर्वात पॅनमध्ये साधारण ६० ते ७० अंश सेल्सियसला उकळतात. तापमान वाढविले तर सुक्रोजचे विघटन होते व रंग चढतो, म्हणून निर्वाताचा आश्रय घ्यावा लागतो. २० अंशांस १०० ग्रॅम पाण्यात सुमारे २०० ग्रॅम साखर विरघळते. ७० अंशांस सुमारे ३२० ग्रॅम विरघळते. पाणी उडत गेले की द्रावण या मर्यादेच्या पलीकडे जाते, म्हणजेच अतिसंपृक्त होते. संपृक्त द्रावणाच्या मानाने साखरेचे प्रमाण किती पट झाले, ती संख्या म्हणजे अतिसंपृक्ततेचा गुणांक. तो १ पेक्षा कमी असेल तर दाणा विरघळतो. तो १ आणि साधारण १.२ यांच्या दरम्यान असेल तर आधी घातलेला दाणा वाढतो, पण नवा दाणा आपोआप जन्मास येत नाही. गुणांक त्याहून बराच वर गेला की द्रावणात जागोजागी नवे दाणे फुटू लागतात. पॅनवरील अनुभवी कामगार काचेवर घेतलेल्या नमुन्यावरून हे ओळखतो आणि वाफ व पाणी यांच्या साहाय्याने द्रावणास या चिंचोळ्या पट्ट्यात धरून ठेवतो. घरी दोऱ्यावर खडीसाखर जमविताना द्रावण हलवू नये असे सांगतात, त्याचे मर्मही हेच आहे.

या पातळीवरील प्रतिरूपात रेणू दिसत नाहीत. येथे दाण्यांची जनगणना मांडतात. गावाच्या जनगणनेत अमुक वयाची माणसे किती, हे जसे लिहितात, तसे अमुक आकाराचे दाणे किती, हे लिहावयाचे. नवे दाणे जन्मतात तो जन्मदर आणि आकार वाढतो तो वृद्धिदर. मॅक्केब यांनी १९२९ साली असे दाखविले की, सारख्या परिस्थितीत लहान व मोठे दाणे जवळजवळ सारख्याच गतीने वाढतात. हा नियम सर्वत्र तंतोतंत लागू पडत नाही. परंतु त्याच्यामुळे समीकरण फार सोपे होते आणि पॅनच्या कामाचे चांगले चित्र मिळते.

या जनगणनेचा व्यवहारात काय परिणाम होतो ते पाहू. समजा, ०.२ मिलिमीटरचे बीजदाणे घातले आणि ते ०.८ मिलिमीटरपर्यंत वाढले. बाजू चौपट झाल्यामुळे वजन ६४ पट झाले. आता क्षणभर लक्ष चुकले, द्रावण पट्ट्याबाहेर गेले आणि सुरुवातीसच प्रत्येक बीजदाण्यामागे सात खोटे दाणे उत्पन्न झाले, असे माना. तेवढीच साखर आता आठ दाण्यांत वाटली जाईल. प्रत्येकाचे आकारमान एक अष्टमांश, म्हणून बाजू निम्मी, ०.४ मिलिमीटर. सर्व दाण्यांचे मिळून पृष्ठफळ दुप्पट होईल. त्यामुळे दाण्यांस चिकटून राहणारी मळीही अधिक. सेंट्रिफ्यूगल यंत्रात मळीला दाण्यांमधील फटींतून निघावयाचे असते आणि द्रवास आरपार जाऊ देण्याची थराची क्षमता, म्हणजेच पार्यता, दाण्याच्या आकाराच्या वर्गाप्रमाणे बदलते. बाजू निम्मी झाली की पार्यता चतुर्थांश होते. मळी निघेना म्हणून अधिक पाणी मारावे लागते आणि त्या पाण्यात हाती आलेली साखर पुन्हा विरघळते. संगणकाची आवश्यकता नसलेला हा हिशेब आहे. परंतु संगणकावरील प्रतिरूप याच विचाराचे विस्तृत रूप होय, हे विद्यार्थ्याने ध्यानात ठेवावे.

४. रोलरखालील चोथा

आता एक पायरी मागे जाऊन ऊस चिरडला जातो त्या ठिकाणी येऊ. उसाच्या कांडाचा सुमारे सत्तर टक्के भाग पाणी असतो. साखर गराच्या मऊ पेशींत साठलेली असते आणि त्या पेशींच्या मधून कठीण तंतूंचे जुडगे गेलेले असतात. अशा पदार्थास स्थापत्य अभियंत्याचे पोलादाचे किंवा काँक्रीटचे नियम जसेच्या तसे लावता येत नाहीत. दाबले असता तो दबतो, पण पूर्ववत होत नाही. त्यातून रस बाहेर पडतो. आणि रस जसजसा निघतो तसतसे उरलेल्या थराचे गुणधर्मच बदलत जातात.

या कामी सांत-घटक पद्धती वापरतात. रोलरमधील थराचे लहान लहान तुकडे कल्पावयाचे, प्रत्येक तुकड्यासाठी तंतूंच्या सांगाड्यावरील ताण आणि रसाचा दाब वेगवेगळा मांडावयाचा, आणि रसाच्या वाहण्यास डार्सीचा नियम लावावयाचा. हा नियम मूळचा वाळूतून पाझरणाऱ्या पाण्याचा. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंड प्रांतात या प्रश्नावर दीर्घकाळ काम झाले आहे. त्यातून लक्षात येणारी मुख्य गोष्ट अशी : थर जितका दाबावा तितकी त्याची पार्यता झपाट्याने घटते. म्हणून केवळ दाब वाढविल्याने रस त्या प्रमाणात निघत नाही. कोंडलेला रस थरातच राहतो आणि रोलरच्या पलीकडे चोथ्याबरोबर निसटतो. यास पुनःशोषण असे म्हणतात.

यात किती मोल गुंतले आहे ? १०० टन उसात १४ टन तंतू आहेत आणि बगॅसमध्ये तंतूंचे प्रमाण ४८ टक्के आहे असे धरू. तर सुमारे २९ टन बगॅस निघेल. त्यात २ टक्के साखर उरली तर ती ५८० किलो होते. दिवसाला ५,००० टन गाळणाऱ्या कारखान्यात ही साखर २९ टन होईल, आणि ती बॉयलरमध्ये जळून जाईल. या आकड्यात दशांशाचा फरक पाडणारे प्रतिरूप देखील एका हंगामात आपला खर्च भरून काढू शकेल.

बगॅस जळण म्हणूनच वापरावे असेही नाही. त्यातील सेल्युलोजपासून इथेनॉल करण्याचे प्रयत्न जगभर चालू आहेत. त्यात मुख्य अडथळा लिग्निनचा. ते सेल्युलोजच्या तंतूंस वेढून बसते आणि एंझाइमांस आत शिरू देत नाही. अमेरिकेतील ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेत लिग्निन व सेल्युलोज यांचे तीस लक्षांहून अधिक अणूंचे सदृशीकरण करण्यात आले, ते याच कारणासाठी. जैविक पदार्थाचे रेणवीय प्रतिरूप उद्योगाच्या उंबरठ्यापर्यंत कसे येते, याचे हे एक उत्तम उदाहरण आहे.

५. शिळा ऊस : पातळ्यांमधील सांधा

येथवर आपण तीन पातळ्या पाहिल्या : रेणू, दाणा आणि थर. प्रत्येक पातळीचे प्रतिरूप वेगळे, काळाचे माप वेगळे, सोडून दिलेल्या गोष्टीही वेगळ्या. या पातळ्या एकमेकींशी जोडावयाच्या कशा, हा या शास्त्रातील कठीण प्रश्न आहे; आणि आपल्या जिल्ह्यात तो प्रश्न शेतकऱ्याच्या पदरात पडणाऱ्या पैशाशी येऊन भिडतो.

पाथर्डी तालुक्यातून आणि शेजारच्या बीड जिल्ह्यातून ऊसतोड मजूर हंगामात येतात. तोडलेला ऊस गाडीत भरून कारखान्याच्या आवारात येतो. रांग लांबली, यंत्र बंद पडले किंवा पाऊस झाला तर मोळ्या उन्हात पडून राहतात. उसाच्या कापलेल्या तोंडांतून ल्यूकोनोस्टॉक जातीचे सूक्ष्मजंतू आत शिरतात. त्यांचे एंझाइम सुक्रोजचा रेणू तोडते, त्यातील ग्लुकोजचे भाग एकामागोमाग एक गुंफून डेक्स्ट्रान नावाची लांब साखळी तयार करते आणि फ्रुक्टोज सुटे सोडून देते. म्हणजे साखर तर गेलीच. शिवाय तिच्या जागी एक उपद्रवी पदार्थ आला. डेक्स्ट्रानमुळे रसाची श्यानता वाढते, म्हणजे तो चिकट व संथ होतो. स्फटिकाच्या काही पृष्ठांवर त्याची अडवणूक होऊन दाणा एका अक्षाच्या दिशेने लांबतो आणि सुईसारखा होतो. अशा दाण्यांच्या थरातून मळी नीट निथळत नाही, हे वरील विवेचनावरून सहज ध्यानात येईल.

एका साखळीरेणूचा परिणाम रेणूपासून पॅनपर्यंत आणि पॅनपासून सेंट्रिफ्यूगलपर्यंत कसा चढत जातो, हे येथे स्पष्ट दिसते. चांगल्या प्रतिरूपात ही साखळी अखंड असावी लागते. रेणवीय गतिकीतून पृष्ठाच्या वाढीतील घट काढावी. ती घट दाण्यांच्या जनगणनेतील वृद्धिदरात घालावी. जनगणनेतून दाण्यांचा आकार काढावा आणि तो पार्यतेच्या समीकरणात न्यावा. प्रत्येक सांध्यावर वरच्या पातळीस खालच्या पातळीकडून फक्त एक-दोन आकडे मिळतात. ते आकडे चुकले तर पुढचे सारे गणित व्यवस्थित असूनही उत्तर चुकते.

याची झळ कोणास लागते ? उसाची रास्त व किफायतशीर किंमत २००९ पासून साखर उताऱ्याशी निगडित आहे. आणि उतारा प्रत्येक शेतकऱ्याचा वेगळा धरीत नसून सबंध कारखान्याचा सरासरी धरतात. म्हणून एका गाडीतील शिळा ऊस हा एकट्याचा तोटा राहत नाही. ज्याने ताजा ऊस वेळेवर आणला त्याच्याही दरातून त्याचा अंश वजा होतो. सहकारी कारखान्यात तोडणीचे वेळापत्रक हा नेहमीच वादाचा विषय असतो. किती तासांच्या विलंबाने किती साखर घटते, याचे विश्वासार्ह प्रतिरूप हाती असेल, तर त्या वादास निदान एक समान आधार मिळेल.

६. मोजमापातही प्रतिरूप असते

येथे एक सूक्ष्म, परंतु महत्त्वाची गोष्ट सांगितली पाहिजे. रसातील साखर कारखान्यात ध्रुवणमापकाने मोजतात. ध्रुवित प्रकाशाचे प्रतल रसातून जाताना किती वळते, त्यावरून पोल हा आकडा काढतात. या रीतीमागे एक गृहीत आहे : प्रकाश वळविणारा पदार्थ म्हणजे सुक्रोजच. ताज्या, शुद्ध रसात हे गृहीत बरेचसे खरे असते. शिळ्या उसात मात्र ते ढासळते. सुक्रोजचे विशिष्ट वलन सुमारे ६६.५ अंश आहे, तर डेक्स्ट्रानचे जवळजवळ २०० अंश. म्हणजे एक भाग डेक्स्ट्रान तीन भाग साखरेचा भास निर्माण करते. तपासणीपूर्वी रस निवळतात, तेव्हा त्याचा काही भाग निघून जातो. सर्व जात नाही. उलटपक्षी, सुटे झालेले फ्रुक्टोज प्रकाशास विरुद्ध दिशेस वळविते आणि आकडा खाली ओढते. दोन चुका विरुद्ध दिशांच्या असल्यामुळे एकमेकींस झाकू शकतात, आणि बिघडलेला रसही आकड्यात चांगला दिसू शकतो.

याचा अर्थ असा की, उपकरणाच्या काट्यावर दिसणारा आकडा हे निखळ सत्य नसते. त्याच्याही पोटात एक प्रतिरूप दडलेले असते. जो विद्यार्थी अशा आकड्यांवर आपले संगणकीय प्रतिरूप बेततो आणि मग दोहोंचा मेळ बसला म्हणून समाधान मानतो, त्याने कदाचित एका गृहीताची तुलना दुसऱ्या गृहीताशी केलेली असते. क्रोमॅटोग्राफीच्या साहाय्याने प्रत्येक शर्करा वेगळी मोजणे, हा यावरील उपाय आहे. तो खर्चाचा आहे, परंतु निदान काही नमुन्यांवर तो केल्याखेरीज प्रतिरूपाची परीक्षा झाली असे म्हणता येणार नाही.

७. कसोटी कोणती

प्रतिरूपाची खरी कसोटी ते आधी दिलेल्या आकड्यांशी जुळते की नाही, ही नव्हे. पुरेसे प्रचल हाती असले तर कोणतीही वक्ररेषा कोणत्याही बिंदूंतून नेता येते. कसोटी अशी की, जे आकडे प्रतिरूप घडविताना वापरले नव्हते, त्यांविषयी ते काय सांगते.

या दृष्टीने पुणे विद्यापीठातील एक उदाहरण, विषय निराळा असला तरी, उद्बोधक आहे. गॅलियम हा धातू ३० अंश सेल्सियसच्या थोडा आतच वितळतो. तळहातावर ठेवला तर त्याचे पाणी होते. पदार्थ जितका लहान तितका त्याचा वितळबिंदू खाली, अशी सर्वसाधारण समजूत होती. २००३ साली अमेरिकेत मोजमाप झाले आणि असे आढळले की, काही दहा-वीस ते चाळीस अणूंचे गॅलियमचे पुंज त्याहून कितीतरी अधिक तापमानापर्यंत घनरूपच राहतात. २००४ साली पुणे विद्यापीठातील दिलीप कान्हेरे व त्यांचे सहकारी यांनी पुंजयामिकीवर आधारलेल्या सदृशीकरणाने याचे कारण दाखविले : लहान पुंजात अणूंमधील बंध सहसंयुजी स्वरूपाचे होतात आणि म्हणून अधिक बळकट असतात. या गणितात वितळबिंदू जुळावा म्हणून कोणताही आकडा बाहेरून बसविलेला नव्हता. इलेक्ट्रॉनांचे वर्तन मूलभूत समीकरणांवरून काढलेले होते. म्हणूनच त्या मेळास मोल आहे.

साखरेच्या बाबतीत इतकी शुद्धता शक्य नाही, कारण पदार्थ फार गुंतागुंतीचा आहे. परंतु तत्त्व तेच लागू करता येते. एका हंगामाच्या आकड्यांवर प्रतिरूप बसवावे आणि दुसऱ्या हंगामाविषयी त्याने आधी भाकीत करावे. ते भाकीत हंगाम सुरू होण्यापूर्वी लिहून ठेवावे. चुकले तर कोणत्या पातळीवर चुकले ते शोधावे. प्रतिरूप चुकते तेव्हा पुष्कळदा त्यातून सर्वाधिक शिकावयास मिळते. कारण जी गोष्ट आपण क्षुल्लक म्हणून सोडून दिली होती, ती क्षुल्लक नव्हती असे त्यावरून कळते.

८. आपल्या भागातील कार्य

राहुरी येथे १९६८ साली महात्मा फुले कृषी विद्यापीठ स्थापन झाले. पाडेगाव येथील ऊस संशोधन केंद्र त्याच विद्यापीठाकडे आहे. मांजरी येथील वसंतदादा साखर संस्था १९७५ पासून या क्षेत्रात काम करीत आहे. उसाच्या जाती, पाणी आणि खते यांविषयीचे ज्ञान या संस्थांनी संपादन केले आहे. त्यास पदार्थविज्ञान, रसायन व गणित या विभागांची जोड मिळाली, तर वर वर्णिलेल्या साखळीतील बरेच दुवे येथेच पुरे करता येतील.

यासाठी महासंगणकाची वाट पाहण्याचे कारण नाही. क्वीन्सलंडच्या प्रतिरूपातील समीकरणे आपण घेऊ शकतो. पण त्यातील पार्यतेचे आकडे तेथील उसाचे, तेथील तुकडे करणाऱ्या यंत्रांचे आहेत. युरोपातील स्फटिकीभवनाचे संशोधन आपण वाचू शकतो. पण ते बीटच्या रसाचे आहे. काळ्या जमिनीत, कालव्याच्या पाण्यावर वाढलेल्या, फेब्रुवारीच्या उन्हात आवारात थांबलेल्या उसाचे आकडे दुसरे कोणी आपणांस मोजून देणार नाही. दाबलेल्या बगॅसची पार्यता मोजण्यास एक नळकांडे, एक दट्ट्या आणि दाबमापक पुरतो. कापलेल्या उसाचे नमुने सहा-सहा तासांच्या अंतराने तपासून सुक्रोजची घट नोंदविणे, हे पदव्युत्तर विद्यार्थ्यास एका हंगामात झेपण्याजोगे काम आहे. दाण्यांची छायाचित्रे सूक्ष्मदर्शकाखाली घेऊन त्यांची लांबी-रुंदी मोजणे तर त्याहूनही सोपे आहे. या तिन्ही नोंदी जेथे एकत्र येतील तेथे प्रतिरूपास पाया मिळेल.

गुळव्याची थेंबाची परीक्षा विश्वासास पात्र ठरते, ती त्याने हजारो काहिली उतरविताना तिचा पडताळा घेतलेला असतो म्हणून. संगणकाने गणिताची गती वाढविली, पडताळ्याची आवश्यकता मात्र तिळमात्र कमी केली नाही. उलट, उत्तर जितक्या लवकर व जितक्या सुबक आकृतीत समोर येते, तितका त्यावर भुलण्याचा धोका अधिक. तेव्हा प्रतिरूपाचा अभ्यास करणाऱ्याने आपला निम्मा वेळ संगणकापुढे घालवावा. उरलेला निम्मा कारखान्याच्या आवारात, गव्हाणीपाशी घालवावा, हे श्रेयस्कर होय.